इक्वलायझर लावला की आवाज फाटतो, तेव्हा आधी काय खाली आणायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संगणकावर व्हीएलसी या प्लेयरमध्ये तुम्ही गाणी ऐकता, सिनेमे बघता. बास, म्हणजे खालचे जाड स्वर, जास्त हवे म्हणून इक्वलायझर (खालच्या-वरच्या स्वरांची पातळी वेगवेगळी बदलणारे स्लायडर) सुरू करून डावीकडचे दोन-तीन स्लायडर वर नेलेत, तर बास फारसा वाढला नाही, उलट आवाज फाटायला लागला. सिनेमात संवाद ऐकू येत नाहीत आणि मारामारी सुरू झाली की घर दणाणतं. डाव्या स्पीकरमधून अधूनमधून करकर येते. शेवटी तुम्ही म्हणता, ‘सगळ्यात चांगलं सेटिंग कोणतं ते आकड्यांत सांगा.’

आकडे देते. पण ते का, हे कळलं तर पुढच्या गाण्याला आणि पुढच्या स्पीकरला तुमचे तुम्ही लावू शकाल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी गेली बरीच वर्षं ध्वनिमुद्रण आणि मिक्सिंगचं काम करते. या कामात इक्वलायझरवर माझा हात सगळ्यात जास्त वेळा कशासाठी जात असेल, तर स्लायडर खाली आणण्यासाठी. घरी ऐकणारी बहुतेक माणसं नेमकं उलट करतात, आणि तुमच्या तक्रारीतला अर्धा भाग तिथूनच येतो.

आधी फाटण्याचं बघू. डिजिटल आवाजाला एक पक्कं छत असतं. १६ बिटच्या फाईलमध्ये प्रत्येक नमुना, म्हणजे लाटेची क्षणाक्षणाला मोजलेली उंची, -३२,७६८ ते ३२,७६७ या आकड्यांच्या आतच बसावा लागतो. हल्लीची बरीच गाणी तयार करतानाच या छताला टेकतील इतकी मोठी केलेली असतात. आता तुम्ही ६० हर्ट्झचा (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं) स्लायडर ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचं माप) वर नेलात, म्हणजे त्या भागातली लाट दुप्पट उंच केलीत. वर जागाच नसल्यामुळे लाटेचा शेंडा सपाट कापला जातो. असा सपाट शेंडा म्हणजे मूळ गाण्यात नसलेले नवेच कर्कश स्वर. कानाला जे फाटल्यासारखं वाटतं ते हेच. स्पीकर चांगला असो की वाईट, प्लेयरमधून बाहेर पडतानाच आवाज बिघडलेला असतो.

म्हणून नियम असा: जो स्लायडर सगळ्यात वर आहे तो जितका वर, तितका प्रीअँप खाली. प्रीअँप म्हणजे दहा स्लायडरच्या शेजारचा एकटा स्लायडर, जो सगळाच आवाज एकदम वर-खाली करतो. व्हीएलसीत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण इथे पुष्कळ जण चुकतात. फ्लॅट प्रीसेट (तयार सेटिंग, सगळे स्लायडर शून्यावर) निवडलात की प्रीअँप १२ डेसिबलवर दिसतो. ते बघून वाटतं की प्लेयर आवाज १२ ने वाढवतोय, आणि लोक तो शून्यावर आणतात. मग आवाज एकदम बारीक होतो आणि इक्वलायझरच टाकाऊ ठरतो. खरं म्हणजे व्हीएलसीचा इक्वलायझर आत येणारा आवाज आधीच सुमारे १२ डेसिबलने खाली आणतो. प्रीअँपचे १२ तो परत मूळ पातळीवर नेतात. म्हणजे व्हीएलसीपुरतं १२ हेच शून्य धरायचं. बास ६ ने वाढवला असेल तर प्रीअँप १२ वरून ६ वर आणा. शेजारशेजारचे दोन-तीन स्लायडर एकत्र वर नेले असतील तर आणखी दोनेक डेसिबल खाली, कारण शेजारच्या स्लायडरचे स्वरांचे पट्टे एकमेकांवर चढलेले असतात आणि त्यांची वाढ थोडी एकत्र होते. जो आवाज कमी झाला तो स्पीकरच्या बटणावर वाढवा. प्लेयरचा आवाज शंभर टक्क्यांच्या वर नेऊ नका, ते म्हणजे पुन्हा त्याच छतावर डोकं आपटणं.

टू पास नावाची एक चौकटही तिथे असते. तिच्यावर टिक केली की आवाज त्याच गाळणीतून दोनदा जातो, म्हणजे ६ डेसिबलची वाढ जवळपास १२ ची होते. ती बंद ठेवा.

आता बास का वाढला नाही. तुम्ही स्पीकर कोणता ते लिहिलेलं नाही, पण टेबलावरचे छोटे किंवा लॅपटॉपमधले असावेत असा माझा अंदाज आहे. खालचे स्वर काढायला स्पीकरच्या पडद्याला पुष्कळ हवा ढकलावी लागते. तळहाताहून लहान पडद्याला ६० हर्ट्झला ते जमत नाही, आणि लॅपटॉपच्या स्पीकरची तर सुमारे २०० हर्ट्झच्या खाली दमछाक होते. अशा स्पीकरला ६० हर्ट्झवर १० डेसिबल जास्त पाठवले, तर पडदा नुसता थरथरतो, बाकीचं गाणंही त्या थरथरीत सापडतं, आणि छताखालची सगळी मोकळी जागा कुणालाच ऐकू न येणाऱ्या स्वरात खर्च होते. इक्वलायझर जे आहे त्याचं प्रमाण बदलतो. स्पीकरला जे काढताच येत नाही ते तो काढून देत नाही.

यावर एक छान मार्ग आहे, आणि तो आपल्या मेंदूच्या एका सवयीवर चालतो. ६० हर्ट्झचा स्वर वाजतो तेव्हा त्याच्याबरोबर १२०, १८०, २४० असे त्याच्या पटीतले स्वरही वाजतात. मूळ ६० ऐकू आला नाही, पण वरच्या पटी ऐकू आल्या, तर मेंदू खालचा स्वर स्वतः भरून घेतो. टेलिफोनवर हाच प्रकार होतो. जुन्या टेलिफोनमधून ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढंच जायचं. पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण ८५ ते १८० हर्ट्झचा, म्हणजे तो पलीकडे पोचायचाच नाही. तरी वडिलांचा आवाज वडिलांचाच वाटायचा. म्हणून छोट्या स्पीकरवर ६० चा स्लायडर वर न नेता ४-५ ने खाली आणा आणि १७० चा ३ ने वर न्या. कागदावर हे उलटं वाटेल. करून बघा, ढोल जास्त भरीव ऐकू येईल आणि फाटणं थांबेल.

स्पीकर मोठे असतील तर गोष्ट वेगळी, तिथे खोली मधे येते. समोरासमोरच्या दोन भिंतींत साधारण ३.४ मीटर अंतर असेल तर ५० हर्ट्झच्या आसपासचा स्वर त्यांच्यामध्ये घुमत राहतो. भिंतीजवळ तो दणदणतो आणि खोलीच्या मध्यावर जवळपास नाहीसा होतो. तुमची खुर्ची त्या नाहीशा होण्याच्या जागी असेल तर स्लायडर कितीही वर न्या, खड्डा भरत नाही, कारण तुम्ही जितकं जास्त पाठवता तितकंच जास्त एकमेकांना खोडून जातं. खुर्ची दोन फूट मागे घ्या. स्पीकर भिंतीकडे सरकवला तर बास वाढतो, कोपऱ्यात नेला तर आणखी वाढतो. स्पीकर आणि खुर्ची हलवून बघायच्या आधी इक्वलायझर उघडूच नये, असं माझं ठाम मत आहे.

या उपकरणाचा जन्मही असाच, हरवलेलं भरून काढायच्या गरजेतून झाला. टेलिफोनच्या लांबलचक तारांमधून जाताना वरचे स्वर खालच्या स्वरांपेक्षा जास्त क्षीण व्हायचे. पलीकडच्या टोकाला ते पुन्हा समान पातळीवर आणणाऱ्या सर्किटला इक्वलायझर म्हणायला लागले. घरच्या रेडिओ-अँप्लिफायरवर बास आणि ट्रेबल (वरचे स्वर) अशी दोन बटणं असायची, त्यांची पुढे सर्वत्र रूढ झालेली रचना पीटर बॅक्सँडॉल यांनी १९५२ मध्ये मांडली. मला आजही वाटतं, घरी ऐकणाऱ्याला ती दोन बटणं दहा स्लायडरपेक्षा जास्त उपयोगी होती. दोन बटणांनी फार बिघडवता येत नाही.

असो. दहा स्लायडर समोर आहेतच, तर कोणता काय करतो ते सांगते. व्हीएलसीचे पट्टे ६०, १७०, ३१०, ६००, १ हजार, ३ हजार, ६ हजार, १२ हजार, १४ हजार आणि १६ हजार हर्ट्झ असे आहेत. दुसऱ्या कित्येक प्लेयरमध्ये ३१, ६२, १२५ असे दुप्पट होत जातात. म्हणून एका प्लेयरमधलं ‘डावीकडून तिसरा वर’ हे दुसऱ्यात तसंच उतरवू नका. स्लायडरखालचा आकडा बघा. व्हीएलसीतले शेवटचे तीन स्लायडर अशा भागात आहेत जिथे गाण्यातलं फार थोडं काही असतं: झांजेची शेपूट, श्वासाची सळसळ. १२८ केबीपीएसच्या, म्हणजे आकाराने बऱ्याच लहान केलेल्या, एमपी३ मध्ये साधारण १६ हजारांच्या वरचं सगळं फाईल बनवतानाच कापून टाकलेलं असतं. वय वाढतं तसा कानही वरून कमी ऐकू लागतो. तिथे वेळ घालवू नका.

खरा खेळ १७० ते ६ हजारांमध्ये आहे. १७० मध्ये आवाजाची ऊब आणि बास गिटारचा भराव. ३१० मध्ये तीच ऊब जास्त झाली की माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. स्वस्त स्पीकर आणि रिकाम्या खोल्या दोघंही नेमकं इथेच जास्त वाजतात. तुमच्या गाण्यांसाठी मला एकच स्लायडर हलवायला सांगितलं तर मी ३१० वाला ३ डेसिबल खाली आणीन. गाण्यावरचं पांघरूण काढल्यासारखं वाटतं. ६०० ते १ हजारांमध्ये जास्त झालं की आवाज भोंग्यातून किंवा नाकातून आल्यासारखा होतो. ३ हजारांच्या आसपास आपला कान सगळ्यात तीक्ष्ण असतो, कारण कानाची नळीच तिथे आवाज वाढवून घेते. ‘ताट’ म्हणाला की ‘पाट’, हे कळतं ते इथल्या नाजूक फटकाऱ्यांवरून. ‘आ’चा सगळा जोर खाली असतो आणि तो दोन्ही शब्दांत सारखाच. पण याच भागात २ डेसिबलची वाढही अर्ध्या तासात कान थकवते. ६ हजारांवर ‘स’ आणि ‘श’ राहतात. गायिकेचा ‘स’ कानात टोचत असेल तर हा २-३ ने खाली.

तुमच्या खोलीत नेमकं काय खुपतंय ते शोधायची आमच्या धंद्यातली पद्धत सोपी आहे. आवाज लहान करा. एक स्लायडर ८ डेसिबल वर न्या, दहा सेकंद ऐका, परत शून्यावर आणा, पुढचा घ्या. ज्या ठिकाणी ‘हेच ते मला त्रास देतं’ असं वाटेल तोच स्लायडर शून्याच्या खाली ३-४ ने आणा. दोनपेक्षा जास्त जागा सापडल्या तर बहुधा तुमचा कान थकलाय. उद्या सकाळी ऐका.

आणि तुलना करताना एका फसवणुकीपासून जपा. एकच गाणं एका डेसिबलने मोठं वाजवलं तर माणूस ‘हे मोठं आहे’ असं म्हणत नाही, ‘हे चांगलं आहे’ असं म्हणतो. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एक अख्खं मिक्स या मोहात बिघडवलं होतं. प्रत्येक बदलानंतर सुधारल्यासारखं वाटत गेलं, आणि शेवटी कळलं की मी फक्त मोठं मोठं करत गेले होते. म्हणून इक्वलायझर चालू-बंद करून बघताना दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा वाटेल असा प्रीअँप आधी जुळवा. मगच निवाडा करा.

ऐकण्याच्या पातळीचाही इथे संबंध आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन-संशोधन संस्थेतल्या हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज लहान असताना कानाला खालचे स्वर फारच कमी ऐकू येतात, मोठा केला की ते झपाट्याने वर येतात. रात्री बारीक आवाजात बसवलेला बास सकाळी मोठ्या आवाजात भिंती हलवतो तो यामुळे. रात्रीचं सेटिंग आणि दिवसाचं सेटिंग वेगळं असणं अगदी रास्त आहे.

संवादांचा प्रश्न इक्वलायझरचा नाहीच, म्हणून तुम्ही कितीही स्लायडर हलवलेत तरी तो सुटला नाही. सिनेमाची ध्वनिपट्टी पुष्कळदा ५.१ असते, म्हणजे पाच स्पीकर आणि बाससाठी वेगळा एक यांच्यासाठी बनवलेली, आणि संवाद जवळजवळ सगळे मधल्या स्पीकरसाठी ठेवलेले असतात. तुमच्याकडे दोनच स्पीकर आहेत. प्लेयर मधला आवाज दोघांत वाटून देतो, त्यात बाजूचे आणि मागचे आवाज येऊन मिसळतात, आणि संवाद त्या गर्दीत बुडतात. ऑडिओ ट्रॅकच्या यादीत स्टीरिओ ट्रॅक असेल तर आधी तो लावा. तो दोन स्पीकरसाठीच बनवलेला असतो. नसेल तर कॉम्प्रेसर.

कॉम्प्रेसर इफेक्ट्स अँड फिल्टर्सच्या त्याच खिडकीत, शेजारच्या टॅबवर आहे. कंट्रोल आणि ई दाबलं की ती खिडकी उघडते. तो ठरावीक रेषेच्या वर गेलेला आवाज दाबतो आणि मग सगळंच थोडं वर उचलतो. समजा संवाद छताच्या ३० डेसिबल खाली, म्हणजे -३० वर आहेत आणि स्फोट -४ वर. दोघांत २६ डेसिबलचं अंतर. थ्रेशोल्ड (ती रेषा) -२४, रेशो (रेषेवरचं किती पट दाबायचं) ४ आणि मेकअप गेन (शेवटी सगळं किती उचलायचं) ९ ठेवा. स्फोट रेषेच्या २० डेसिबल वर होता, त्याचा चौथा हिस्सा म्हणजे ५ उरतो, तो -१९ वर येतो, मेकअपने -१० वर. संवाद रेषेच्या खाली असल्यामुळे दाबले जात नाहीत, नुसते ९ ने उचलले जाऊन -२१ वर येतात. २६ चं अंतर ११ वर आलं. अटॅक (दाबायला किती वेळात सुरुवात करायची) २५ मिलिसेकंद ठेवा आणि रिलीज (दाब किती वेळात सोडायचा) ३०० च्या आसपास. रिलीज फार कमी ठेवलात तर दोन शब्दांच्या मधे पार्श्वभूमीचा आवाज भात्यासारखा वर-खाली होताना ऐकू येतो. याच्याबरोबर इक्वलायझरमध्ये १७० आणि ३१० तीन-तीनने खाली, ३ हजार दोनने वर, प्रीअँप १० वर. सिनेमासाठी एवढंच. गाणी ऐकताना कॉम्प्रेसर बंद करा. गाणी आधीच पुरेशी दाबलेली असतात, आणखी दाबली की त्यांचा जीव जातो.

स्पॅशियलायझर कृत्रिम घुमारा देतो. तुमची खोली स्वतःचा घुमारा देतेच, त्यावर दुसरा कशाला? स्टीरिओ वाइडनर एका बाजूचा आवाज थोडा उशिरा दुसऱ्या बाजूला मिसळून रुंदी भासवतो. हेडफोनवर कधीकधी बरा वाटतो, पण मधोमध उभा असलेला गायक त्यात पातळ होतो. हे दोन्ही मी बंदच ठेवते.

प्रीसेटबद्दल एवढंच, की रॉक, पॉप, क्लासिकल ही नावं गाण्याच्या प्रकाराची आहेत, तुमच्या स्पीकरची नाहीत. रॉकच्या गाण्याला रॉकसारखं वाजवायचं काम ते मिक्स करणाऱ्याने करून ठेवलंय. फ्लॅटपासून सुरू करा. आणि आपलं सेटिंग बसलं की त्या खिडकीतलं सेव्हचं बटण दाबा, नाहीतर व्हीएलसी बंद केल्यावर ते जातं.

आणखी दोन जागा तपासा. ऑपरेटिंग सिस्टीममध्ये किंवा साउंड कार्डच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये ऑडिओ एन्हान्समेंट, बास बूस्ट, सराउंड असं काही चालू असेल तर ते बंद करा. एकावर एक दोन इक्वलायझर चालतात आणि दोष कुणाचा ते कळत नाही. आणि स्लायडर हलवून अजिबात काहीच फरक पडत नसेल, तर पासथ्रू चालू असणार: प्लेयर आवाज न उलगडता तसाच पुढे अँप्लिफायरकडे पाठवतोय, त्यामुळे त्याच्या हातात बदलायला काही उरत नाही.

राहिली डाव्या स्पीकरची करकर. इक्वलायझर आणि कॉम्प्रेसर दोन्ही बंद करून ऐका. करकर गेली तर ती वरच्याच छताची गोष्ट होती. राहिली तर स्पीकरकडे जाणाऱ्या डाव्या-उजव्या वायरी मागच्या बाजूला अदलाबदल करा, तेच गाणं, तीच जागा वाजवा. करकर आता उजवीकडून येत असेल तर ती फाईलमधून, साउंड कार्डातून किंवा अँप्लिफायरमधून येतेय. दुसरी फाईल लावून फाईलचा संशय मिटवा, मग प्लग हलवून बघा. करकर डावीकडेच राहिली तर दोष त्या स्पीकरमध्ये आहे, बहुधा पडदा कडेने सुटलाय किंवा आतली कॉइल (पडदा हलवणारी तारेची गुंडाळी) घासतेय. ६० चा स्लायडर बरेच दिवस वर राहिला असेल तर हे होऊ शकतं. तो पडदा बदलून घ्या, आणि तोवर ६० आणि १७० दोन्ही ६ ने खाली ठेवून ऐका.